पाहुणीचा चेहरा

मेलबर्नहून पुण्याला निघणाऱ्या विमानाच्या दारात शलाका टिपणीस उभी होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करून तेच ते वाक्य ऐकवत होती. "कॅमेरे आपोआप बंद होतील. बिघडलेत असं समजू नका, उतरल्यावर सुरू होतात." हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतही निघायचं. मिलिंद, म्हणजे तिचा नवरा, हयात होता तोवर सकाळच्या चहाबरोबर तिला त्यावरून चिडवून घ्यायचा.

आज केबिनप्रमुख म्हणून तिची शेवटची फेरी होती. निरोपाचा केक गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, ठेवलेला होता आणि तो तिला दिसू नये म्हणून झेबा नावाची तिची सहकारी सकाळपासून उगाचच कपाटासमोर उभी राहत होती. शलाकाचं लक्ष केकवर नव्हतं. याच विमानानं तिची लेक रेवा आणि साडेतीन वर्षांची नात अबोली येणार होत्या. अबोलीला आजीकडे पुण्यात सोडून रेवा चार दिवसांत परत जाणार होती. होबार्टच्या बंदरातून तिचं जहाज दक्षिण ध्रुवाकडे सुटायचं होतं. एकदा समुद्र गोठला की आठ महिने तिकडून कुणी परत येत नाही. बर्फाखालच्या पाण्याचा अभ्यास करायला मिळावा म्हणून रेवा सहा वर्षं धडपडत होती, आणि अबोलीचे वडील केव्हाच वेगळे झालेले असल्यामुळे पोरीला ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. तो शलाकानं सोडवला. निवृत्ती दोन वर्षं आधी मागून घेतली आणि लेकीला म्हणाली, "तू जा. मी आहे."

अबोली आली ती कापडी पेंग्विनला पायाला धरून फरपटत. शलाका दारातच खाली बसली, हात पसरले आणि रोज संध्याकाळी फोनवर म्हणायची तसं म्हणाली, "आली का माझी चिमणी?"

अबोली जागच्या जागी थांबली. तिनं शलाकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे वळून आईकडे पाहिलं.

"आई, ही बाई आजीसारखी का बोलते?"

"अगं, आजीच आहे ती," रेवा हसत म्हणाली.

"नाहीये," अबोली म्हणाली आणि आईच्या पायामागे गेली. शलाका आणखी काहीतरी लाडाचं बोलली, तशी ती रडायलाच लागली. तोंड अनोळखी आणि आवाज आजीचा, हे त्या पोरीला सहन होईना. मागे रांग तुंबली होती. एक गृहस्थ घड्याळाकडे पाहत होते. शलाका उठली, गणवेश सारखा केला आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "नमस्कार. कॅमेरे आपोआप बंद होतील."

चेहऱ्यावरचं हसू तिनं ढळू दिलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीनं ते चेहऱ्याला चिकटलं होतं. पण काय झालंय, हे तिला दारातच समजलं.

विमानात कर्मचाऱ्यांचं चित्रीकरण करू नये, हा नियम जुनाच. तो पाळला जायचा तो फोन दिसायचा तोवर. पुढे कॅमेरा चष्म्यात गेला, चष्म्यातून सदऱ्याच्या बटणात आणि शेवटी बुबुळावर बसणाऱ्या भिंगात. आता प्रवाशाकडे डोळ्यांत कितीही तेल घालून पाहिलं तरी तो बघतोय की टिपतोय, हे कळायला मार्ग उरला नाही. कंपन्यांनी आधी दिव्यांचा उपाय केला. कॅमेरा समोरचं दृश्य एका झटक्यात घेत नाही, ओळीओळीनं वाचतो. केबिनचे दिवे सेकंदाला हजारो वेळा अशा तालात लुकलुकवायचे की माणसाच्या डोळ्याला काही जाणवत नाही आणि चित्रावर मात्र काळे पट्टे येतात. वर्षभरात कॅमेरे त्याहून चपळ निघाले. मग विमानातून एक संकेत सोडायला लागले. तो मिळाला की कायद्यानं प्रत्येक कॅमेऱ्याच्या चिपनं स्वतःहून मिटायचं. हे चाललं, पण दारापर्यंतच. कर्मचारी विमानाला जोडलेला पूल ओलांडून बाहेर पडले की बसथांब्यावर, हॉटेलात, लिफ्टमध्ये त्यांना टिपणारे टपलेलेच.

त्याच सुमाराला निलोफरचं झालं. निलोफर ही शलाकाच्या हाताखालची मुलगी. वडिलांना माती देऊन तिसऱ्या दिवशी कामावर आली होती. दिवसभर उपाशी; जेवणं वाटून झाल्यावर हॉटेलच्या पायरीवर बसून पाव खात होती आणि खाता खाता रडत होती. कुणीतरी ते टिपलं, त्याला गाणं जोडलं. आठवड्याभरात अर्धा देश त्या पावावर हसत होता. निलोफरनं नोकरी सोडली, मग शहर सोडलं. शलाका तेव्हा कर्मचारी संघटनेची चिटणीस होती. ती हात धुऊन सरकारच्या मागे लागली. समितीसमोर तिनं मागणी केली की विमान कर्मचाऱ्यांचे चेहरे कुठल्याच कॅमेऱ्यानं घेऊ नयेत, कुठंही.

"अहो, पण सुट्टीवर असताना? घरी?" अध्यक्षांनी विचारलं होतं.

"चेहरा घरी काढून ठेवता येत नाही, साहेब. घरीही तोच असतो."

समितीला हे उत्तर फार आवडलं. टाळ्यासुद्धा पडल्या.

नोंदवही झाली. तिच्यात फोटो नव्हते. डोळ्यांच्या खोबणींतलं अंतर, गालाच्या हाडांची उंची, जबड्याचा कोन, अशा मापांपासून काढलेला एक लांबलचक आकडा प्रत्येकाच्या नावावर होता आणि तो जगातल्या साऱ्या चिपांना ठाऊक होता. आकडा जुळला की चित्र बाहेर पडायच्या आधीच त्यातला चेहरा बदलायचा. सुरुवातीला तिथं नुसता करडा डाग यायचा. पण लग्नाच्या अल्बममध्ये नवरीची आत्या म्हणून डाग कुणाला आवडेल? तक्रारी झाल्या. तेव्हा डागाऐवजी भरणीचा चेहरा आला. जगात कुणाचाच नसलेला, गणितानं घडवलेला चेहरा, प्रत्येकाला वेगळा आणि कायमचा. तुम्ही हसलात की तो हसतो, तुम्ही भुवया उंचावल्यात की तो उंचावतो. आवाज तुमचा, हात तुमचे, तोंड तेवढं त्याचं.

शलाकाच्या वाट्याला आलेली बाई गोल चेहऱ्याची, जरा उजळ, डाव्या गालावर खळी असलेली. ती पहिल्यांदा फोनवर दिसली तेव्हा मिलिंद म्हणाला, "ही कोण पाहुणी? चहा टाक तिच्यासाठी." तेव्हापासून घरात तिचं नाव पाहुणी पडलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिलिंदनं पाहुणीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि चार जणांना दाखवून हसला. दोन वर्षांनी तो गेला. आता त्या दोघांचा एकत्र असा शेवटचा फोटो तोच आहे. जुने फोटो फोनवर उघडले तरी त्यांतही पाहुणीच दिसायची, कारण नियमाला जुनं-नवं कळत नव्हतं. शलाकाला तो फोटो पाहिला की पाहुणीचा राग यायचा, आणि जी बाई नाहीच तिच्यावर रागवायचं कसं, हे कळायचं नाही.

रेवाला याचं काही वाटायचं नाही. तिचे डोळे पाहुणीला बघायचे आणि मन आपोआप आईला. वैमानिकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरांत सगळ्यांचीच ही सवय होऊन गेली होती. पडद्यावर कोण दिसतं याचा विचारच कुणी करेना. रेवाच्या बाळंतपणाला शलाका दीड महिना तिच्याकडे होबार्टला राहून आली. त्यानंतर दोनदा निघायचं ठरलं आणि दोन्ही वेळा रजा रद्द झाली. मग रोज संध्याकाळी फोन. अबोली त्या फोनवरच्या आजीसमोर रांगायला लागली, बोलायला लागली, आणि एकदा बोलायला लागल्यावर नावाला काही जागली नाही. तिच्या आजीच्या गालावर खळी होती. दुसरी आजी तिनं पाहिलेलीच नव्हती. एक लेक शास्त्रज्ञ, एक आई नियम घडवणारी, आणि दोघींच्या डोक्यात ही गोष्ट तीन वर्षांत एकदाही आली नव्हती.

विमानाचं दार लागलं. कंपनीत एक रीत होती. ज्याची शेवटची फेरी असेल त्यानं सुरक्षेचं प्रात्यक्षिक स्वतः करायचं, मग तो कितीही वरच्या हुद्द्याचा असो, आणि सूचना दुसऱ्यानं वाचायच्या. झेबानं माईक घेतला. शलाका पट्टा, मुखवटा आणि पिवळं जाकीट घेऊन मधल्या वाटेत उभी राहिली. अबोलीची जागा तिच्यासमोर तिसऱ्या रांगेत होती.

हे प्रात्यक्षिक अबोलीला पाठ होतं. रोजच्या फोनवरचा तो त्यांचा खेळच होता. शलाका ओढणीचा पट्टा करायची, चहाची गाळणी नाकाला लावून मुखवटा दाखवायची आणि शेवटी जाकिटाची शिट्टी म्हणून तोंडानं फुर्र करायची. आताही तिनं पट्टा अडकवला, सोडवला. दोन्ही हात पसरून दारं दाखवली. अबोलीनं रडणं थांबवलं. मुखवटा नाकाशी नेताना शलाकाच्या उजव्या हाताची करंगळी वर राहिली. जेवणाच्या गाडीखाली सापडून ती कधीतरी मोडली होती आणि तशीच वाकडी बसली होती. अबोली सीटवर उभी राहून ती करंगळी बघायला लागली. रेवानं तिला ओढून खाली बसवलं, पट्टा लावला. शलाकाच्या जिवात जीव आला. पोरीनं ओळखलं, असं तिला वाटलं.

विमान वर जाऊन स्थिर झालं. जेवणं झाली, केक कापून झाला. त्यातला एक तुकडा बशीत घेऊन शलाका तिसऱ्या रांगेकडे गेली. या वेळी तिनं लाडाचा सूर लावला नाही. साधं विचारलं, "केक हवा?"

अबोलीनं केककडे पाहिलंच नाही. "तू आजीचं बोट का घेतलंस?"

"काय?"

"आजीचं वाकडं बोट आहे. ते तू घेतलंस. आवाज पण घेतलास." तिचे ओठ थरथरायला लागले. "तिला परत दे."

रेवा खाली वाकून म्हणाली, "अबू, नीट ऐक. फोनमध्ये दिसते ना, ती खोटी असते. खरी आजी ही."

त्यावर अबोलीनं जो सूर लावला त्यानं पुढच्या चार रांगा वळून पाहायला लागल्या. आपली आजी खोटी आहे, असं आईनंच सांगितल्यावर दुसरं काय होणार? ती हुंदके देत एकच म्हणत राहिली, की आजीला फोन लाव, तिला बोट नाहीये. शलाका बशी घेऊन परत फिरली. केक गॅलीतल्या ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. आपल्या रक्ताच्या पोरीला आपण चोर वाटतो, याचं दुःख इतकं साधं होतं की ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

थोड्या वेळानं रेवा पडदा सारून आत आली. वाटेपलीकडच्या सीटवरच्या एका वयस्क बाईंकडे तिनं पोरीला क्षणभर बसवलं होतं. रेवाचे डोळे लाल होते.

"आई, मी येत नाही, असं जहाजाला कळवते. उतरल्यावर लगेच. त्यांच्याकडे राखीव माणूस असतो."

"चार दिवस आहेत अजून."

"चार दिवसांत हे जाणार नाही. आणि निवृत्तीनंतर महिन्याभरात तुझं नाव नोंदवहीतून निघेल. मग फोनवर पण तूच दिसशील. म्हणजे हिची ती आजी पण जाणार. मी तिकडे बर्फात, तिची आजी नाहीशी झालेली, आणि घरात एक अनोळखी बाई. नाही जमणार. तुझा दोष नाहीये."

"सहा वर्षं, रेवा."

"माहितेय." रेवा बाटलीतलं पाणी प्यायली. "तिला मी सारखी म्हणत होते, आजीकडे जायचंय, आजीकडे जायचंय. तिनं बिचारीनं विश्वास ठेवला."

रेवा जागेवर गेली.  शलाकानं भिंतीवरच्या खणातून टॅबलेट काढला. विमानातल्या संकेताला न जुमानणारा हा एकच कॅमेरा. कुणी प्रवासी आजारी पडला तर जमिनीवरच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी ठेवलेला.

झेबा ट्रे मोजता मोजता थांबली. "मॅडम, कुणाला काही झालंय का?"

"नाही."

"मग तो फक्त डॉक्टरांसाठी आहे ना."

"कर्मचाऱ्यानं स्वतःच्या कामासाठी वापरू नये. ते कलम मीच घालायला लावलं होतं." शलाका केस सारखे करत होती. "उतरल्यावर माझ्याविरुद्ध नोंद कर."

"शेवटच्या दिवशी?"

"शेवटच्याच दिवशी कर. उद्या मी सापडायची नाही."

झेबानं तिच्याकडे पाहिलं, मग पडदा घट्ट ओढून घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. शलाका घडीच्या खुर्चीवर बसली. टॅबलेट उघडल्याबरोबर गोल चेहऱ्याची पाहुणी तिच्याकडे बघायला लागली. शलाकाच्या डोळ्यांत पाणी होतं ते पाहुणीच्याही डोळ्यांत होतं, आणि तिला ते जास्त शोभत होतं. शलाकानं डोळे पुसले, रेवाच्या सीटसमोरच्या पडद्याला फोन लावला. तिथं चित्र पोचू शकत होतं, तिथून निघू शकत नव्हतं. शलाकाला नुसता अंधार दिसला आणि अंधारातून आवाज आला.

"आजी! तुझं बोट कुठंय?"

"हे काय." शलाकानं करंगळी वर धरली. पाहुणीनं धरली. "आहे माझ्याकडे."

 "इथं एक बाई आहे. तिच्याकडे पण आहे."

"असणारच. मीच दिलंय."

"आवाज पण?"

"आवाज पण. गाळणीचा खेळ पण शिकवलाय. येतो का तिला नीट?"

"येतो. पण तिच्याकडे खरी गाळणी नाहीये." अबोली विचार करत असावी. "का दिलंस?"

"अगं, मला फोनमधून बाहेर येता येतं का?"

"नाही."

"मग पुण्यात तुझी वेणी कोण घालणार? झोपताना थोपटणार कोण? म्हणून मी तिला पाठवलंय. ती माझीच आहे, अबू. तिला माझं सगळं ठाऊक आहे. तुझा पेंग्विन बाथटबमध्ये पडला होता ते पण ठाऊक आहे."

"ते पण सांगितलंस?"

"सगळं सांगितलंय. तू तिच्याजवळ जाऊन बस. नाही आवडली तर मला सांग."

"तू रागावणार नाहीस?"

शलाकानं मान आडवी हलवली. पाहुणीनं मान हलवली.

"आणि आजी, तू उद्या पण येशील फोनमध्ये?"

"येईन. अजून थोडे दिवस येईन. मग मला पण जरा गावाला जायचंय. तोवर तुमची दोघींची गट्टी झालेली असेल." तिनं नाकाला हाताची गाळणी लावली आणि फुर्र केलं. पलीकडून फुर्र आलं. टॅबलेटमधून एकदा, आणि कापडी पडद्याच्या पलीकडून एकदा.

टॅबलेट खणात ठेवून ती बाहेर आली तेव्हा अबोली वाटेतच उभी होती, एका हातात पेंग्विन. मागे रेवा होती. तिनं बोटं तोंडावर दाबून धरली होती. अबोलीनं शलाकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आजी म्हणाली, तुझ्याजवळ बस."

"बस की," शलाका म्हणाली.

रेवाच्या शेजारची तिसरी जागा रिकामी होती. शलाका तिथं टेकली. गणवेशात प्रवाशांच्या जागेवर बसायचं नाही, हाही एक नियम होता; तो आज दुसरा मोडला. अबोली आधी सीटच्या हातावर बसली, मग हळूहळू घसरत मांडीवर आली. तिनं वाकडी करंगळी हातात घेऊन तपासली, वाकवून पाहिली. शलाकाच्या गालाला हात लावला, जिथं खळी असायला हवी होती तिथं बोट दाबून पाहिलं.  पेंग्विनला मध्ये कोंबलं आणि डोकं टेकलं. खिडकीबाहेर भर दुपारचं ऊन होतं. पलीकडे रेवानं जहाजाला लिहून ठेवलेला निरोप उघडला, दोनदा वाचला आणि पुसून टाकला.

शलाकाला वाटलं, पोरगी झोपली. ती थोपटायला लागली, तेवढ्यात अबोलीनं मान वर केली आणि तिच्या कानाशी तोंड आणलं.

"आजीला मांडी नाहीये," ती कुजबुजली. "तू तिला सांगू नकोस हं. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," शलाका म्हणाली.